डोळ्यांत तूप घालून

काही आजारांना समाजात मान असतो. मधुमेह म्हटलं की समोरचा लगेच स्वतःचा आकडा सांगतो. गुडघे म्हटलं की दोघे मिळून सोसायटीच्या जिन्याला शिव्या घालतात. 'अँजिओग्राफी' हा शब्द नीट उच्चारता आला, तर कार्यालयात पंख्याखालची खुर्ची रिकामी करून मिळते. 'माझे डोळे कोरडे पडलेत' असं सांगून मात्र काहीही मिळत नाही. मिळालाच तर सल्ला मिळतो. त्यातून पंचाईत अशी, की हे सांगत असताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असतं.

हा या दुखण्याचा खास खोडसाळपणा. डोळा कोरडा पडला की टोचतो, टोचला की आतून घाबरून पाणी सुटतं, आणि ते घाईघाईत सुटलेलं पाणी डोळ्यावर न थांबता थेट गालावर येतं. म्हणजे कोरड्या डोळ्यांचा माणूस दिवसभर रडताना दिसतो. मी हिशेबखात्यात आहे. मार्चअखेरीला मी रडतोय हे ऑफिसात कुणाला वेगळं वाटलं नाही. घरी मात्र बायकोने एका संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद करून विचारलं, "त्या मालिकेतल्या सासूसाठी रडताय? माझ्या आईला स्टेशनवर सोडताना एक थेंब आला नव्हता!"

नेत्रतज्ज्ञांनी खालच्या पापणीच्या आत कागदाची एक अरुंद पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९०३ साली ही परीक्षा शोधून काढली. पाच मिनिटांत पट्टी दहा मिलिमीटरच्या पुढे भिजली तर पास, पाचाच्या आत राहिली तर नापास. माझी पट्टी चाराच्या पुढे सरकेना. बाहेर घळाघळा वाहणारा हा डोळा परीक्षेच्या वेळी थेंबाला महाग झाला. हा गुण मी शाळेपासून राखून आहे.

मग डॉक्टरांनी समजावलं. अश्रू म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे. डोळ्याला लागून चिकट म्यूसिनचा थर, त्याच्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या ग्रंथी पुरवतात. हाइनरिश मायबोम यांनी १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. त्या तुंबल्या की वरचं तेल कमी पडतं आणि खालचं पाणी हवेत उडून जातं. ऑफिसातला एसी त्याला मनापासून मदत करतो.

औषध काय? तर कृत्रिम अश्रूंचे थेंब, पापण्यांवर गरम शेक, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघणं, "आणि पापण्या लववत जा." एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, स्क्रीनसमोर बसला की ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. आणि लवते तीही अर्धवट, खालपर्यंत टेकतच नाही. हे सगळं बरोबर असेल. पण जे मी जन्मल्यापासून फुकट करत आलो, ते करायला सांगण्यासाठी पन्नाशीत फी द्यावी लागते, याने मन खट्टू झालं.

वीस-वीस-वीसचा नियम ज्याने काढला त्याचं घर मोठं असणार. आमच्या फ्लॅटमधलं सर्वांत लांब अंतर दिवाणापासून गॅसच्या शेगडीपर्यंत, तेही चौदा फूट, आणि मधे बायको असते. वीस फुटांवर पाहायचं तर खिडकीबाहेर, म्हणजे समोरच्या बिल्डिंगचा तिसरा मजला. तिथल्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालतात. मी घरून काम करण्याच्या दिवशी दर वीस मिनिटांनी खिडकीत उभा राहून, ओल्या डोळ्यांनी, वीस सेकंद एकटक तिकडे पाहू लागलो. आठवडा सरायच्या आत समोरचे काका दारात हजर झाले. "काही अडचण आहे का?" त्यांनी फार सभ्यपणे विचारलं. मी आजार सांगितला. सांगताना रडलोही. काकांचा चेहरा निवळला आणि ते हक्काने खुर्चीत बसले. "मग गुलाबपाणी घाला की!"

तिथून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. सकाळच्या फिरायच्या ग्रुपने दव पडलेल्या गवतावर अनवाणी चालायला सांगितलं. आमच्या टेकडीवर दवापेक्षा कुत्र्यांची ये-जा जास्त, तेव्हा तो उपाय मी चपला घालूनच केला. साताऱ्याच्या आत्याने फोनवर आवाज खाली आणून सांगितलं, की सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरण्याआधी, शिळी लाळ डोळ्यांना लावायची. मेव्हणा एरंडेलाचा. बायकोच्या मैत्रिणीचा हवाला मधावर. "डोळ्यात एक थेंब मध. झोंबतो, पण झोंबला म्हणजे लागू पडला." आपल्याकडे औषधाची लायकी यातनेवर ठरते. न झोंबणाऱ्या औषधावर लोक पैसे वाया गेले म्हणतात. आणखी कुणीतरी घरी पाडलेलं काजळ आणि कुठूनसा आणलेला सुरमा सुचवला. सुरम्यात शिशाचं खनिज असू शकतं, हे कळल्यावर ती डबी मी सुचवणाऱ्याला साभार परत केली.

ही सारी यादी घेऊन मी पुन्हा नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि शांतपणे म्हणाले, "गुलाबपाणी तोंडाला लावा, मध पोळीला लावा, एरंडेल दाराच्या बिजागरीला लावा. निर्जंतुक नसलेलं काहीही डोळ्यात घालायचं नाही. नळाचं साधं पाणीसुद्धा नाही, त्यातही अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव सापडतो." लाळेबद्दल त्यांनी काहीच मत दिलं नाही, फक्त चष्मा काढून पुसला.

घरात एकटी आई शांत होती. आईच्या वैद्यकात शरीराला आजार एकच, उष्णता, आणि तिला बाहेर पडायला दारही एकच, तळपाय. तिने फडताळातून काशाची वाटी काढली, माझ्या तळपायाला तूप लावलं आणि वाटीने घासायला बसली. पंधरा मिनिटांत तळपाय काळे झाले. "बघ, किती उष्णता होती!" तिने विजयाने वाटी दाखवली. कासं म्हणजे तांबं आणि कथील, तुपाशी घासून ते काळं होणारच, हे मी म्हणालो नाही. आई वाटी घासत असताना रसायनशास्त्र काढू नये. शिवाय आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट तिच्या बाजूचा निघाला. रोज अंगाला तेल लावावं आणि डोकं, कान आणि पाय यांना आवर्जून लावावं, असं तो सांगतो. अभ्यंगाच्या फायद्यांत नजर निर्मळ होणंही त्याने घातलं आहे. आईने त्याचं नाव कधी ऐकलेलं नाही, आणि ऐकलं असतं तरी तिने श्रेय आपल्या आजीलाच दिलं असतं.

गंमत म्हणजे मला त्या रात्री उत्तम झोप लागली आणि सकाळी डोळे हलके वाटले. हल्ली ही वाटी विजेवर फिरते. काशाच्या फिरत्या थाळीवर दोन्ही पाय ठेवून लोक ओळीने बसलेले असतात, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. पायांतून उष्णता उतरते, डोळ्यांतून चढते. हिशेब शून्य.

बायकोने आहाराचं खातं सांभाळलं. जेवणात रोज जवसाची चटणी आली, कारण जवसात ओमेगा-३ असतं. मी तिला हिशेबनिसाच्या जातीला जागून सांगितलं, की अमेरिकेत 'ड्रीम' नावाची एक मोठी चाचणी झाली. २०१८ साली तिचे निकाल छापून आले. कोरड्या डोळ्यांच्या काही रुग्णांना माशाच्या तेलातलं ओमेगा-३ दिलं, काहींना नुसतं ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, फरक म्हणण्यासारखा निघाला नाही. आईने हे ऐकलं आणि तात्काळ निकालाचा अर्थ लावला. "म्हणजे माणसाकडे कुणी लक्ष दिलं की त्याला बरं वाटतं. चटणी घे."

शेवटी मी आयुर्वेदाकडे गेलो, तो मात्र थेट शालाक्यतंत्रात, म्हणजे डोळे पाहणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेत, एम. एस. झालेल्या वैद्यांकडे. पांढरी दाढी आणि खल-बत्ता असेल अशी माझी कल्पना. समोर तिशीच्या आतबाहेरच्या बाई, मनगटावर स्मार्टवॉच. त्यांनी आधी माझे नेत्रतज्ज्ञांचे कागद वाचले, "थेंब बंद करू नका" म्हणाल्या, मग कोठा, भूक, झोप आणि स्वभाव यांची इतकी बारीक चौकशी केली, की आमच्या लग्नाच्या वेळी सासऱ्यांनीही केली नव्हती. नंतर म्हणाल्या, "शुष्काक्षिपाक." इतकं भारदस्त नाव मिळाल्यावर मी खुर्चीत जरा ताठ बसलो. आता कार्यालयात पंख्याखालची खुर्ची मागायला हरकत नव्हती.

सुश्रुताने डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत. वाग्भटाने ते ९४ वर नेले. महागाई तेव्हाही होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राची पहिली १९ प्रकरणं केवळ डोळ्यांवर आहेत. त्यात शुष्काक्षिपाक हा वाताचा विकार: पापण्या कडक आणि रुक्ष होतात, डोळा उघडताना त्रास होतो, दिसतं ते गढूळ. वैद्यांनी मग डोळे बिघडण्याची ग्रंथातली कारणं वाचून दाखवली, आणि मला ते माझ्या नोकरीचं नेमणूकपत्र वाटू लागलं. बारीक वस्तूंकडे सतत पाहणं, हे माझं एक्सेल. दिवसा झोप आणि रात्री जागरण, या माझ्या वेबमालिका. राग, शोक, क्लेश, ही मार्चअखेर. सतत रडणं हे कारण आहे, आणि आलेले अश्रू दाबून धरणं हेही कारण आहे. विवाहित पुरुषाने जायचं कुठे? कुळीथ आणि उडीद फार खाणंही त्या यादीत आहे. आमची सासुरवाडी रत्नागिरीची. तिथे जावयाचा सन्मान कुळथाच्या पिठीने होतो. वर्षानुवर्षांच्या त्या सन्मानाचा हिशेब मला त्या दिवशी लागला.

उपचार ठरला नेत्रतर्पणाचा. मला उताणं झोपवलं आणि डोळ्याभोवती उडदाच्या भिजवलेल्या पिठाची दोन बोटं उंच पाळ बांधली. खाल्ला तर डोळ्यांना वाईट असलेला उडीद डोळ्यांभोवती बांधला की थेट बंदोबस्ताला उभा राहतो. आपल्याकडे पुष्कळ लोकांचं असंच आहे, आत घेतले की त्रास, दारावर उभे केले की उपयोगी. मग गरम पाण्यावर पातळ केलेलं औषधी तूप त्या पाळीत पापण्यांचे केस बुडेपर्यंत ओतलं, आणि वैद्य म्हणाल्या, "आता हळूहळू डोळे उघडा-मिटा."

तुपातून पाहिलेलं जग वेगळंच असतं. ट्यूबलाइट पिवळी होते, छताचे डाग मऊ होतात, माणसांच्या चेहऱ्यावरची सगळी तक्रार वितळते. सगळ्या सृष्टीला साजूकपणा येतो. मनात पहिला विचार पुरणपोळीचा आला, तो मी वैद्यांना सांगितला नाही. घरी आईला मात्र तुपाचा खर्च सांगितला. तिने फक्त एवढंच विचारलं, "आणि नंतर ते तूप?"

तूप किती वेळ ठेवायचं याचंही गणित आहे. मोजमाप मात्रांचं. पापणीचा रोग असेल तर शंभर मात्रा, बुबुळाच्या काळ्या भागाचा असेल तर सातशे, आणि वाताचा जोर असेल तर हजार. एक मात्रा म्हणजे एक चुटकी वाजवायला, एक लघु अक्षर उच्चारायला किंवा एकदा पापणी लववायला लागणारा वेळ. म्हणजे आजार पापणी न लवल्याने झालेला आणि उपचार पापणी लवण्यावर मोजलेला! माझ्या बाबतीत ते काम मोबाइलच्या टायमरने केलं, कारण मोजणाऱ्या मदतनीस मुलीला दुसऱ्या कॉटवरही एक तूप सांभाळायचं होतं.

तर्पण संपल्यावर पथ्य. उजेडाच्या झोताकडे पाहायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, आकाशाकडे पाहायचं नाही, आरशात पाहायचं नाही, चकाकणाऱ्या वस्तूंकडे पाहायचं नाही. मी ही यादी मनात पुन्हा घोकली आणि थक्क झालो. आपल्या मोबाइलला टॉर्च आहे, सेल्फीचा आरसा आहे, पडद्यावर निळं आकाश आहे, काच चकाकते. राहिला वारा, तो ऑफिसचा एसी देतो. ज्यांनी मोबाइल बघितलाही नव्हता, त्यांनी तो हातात घेऊ नका हे इतकं तपशीलवार लिहून ठेवलं, आणि ज्यांनी तो बनवला त्यांनी डब्यातल्या पुस्तिकेत फक्त चार्जरची काळजी घ्यायला सांगितलं.

पथ्य मी पाळलं. संध्याकाळभर अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडलो. बरंही वाटलं. आता ते तुपाने वाटलं, की कित्येक महिन्यांत प्रथमच जागेपणी डोळे मिटून पडलो त्याने, हे ठरवायला कोणती कागदाची पट्टी लावायची? वैद्यांना विचारलं तर त्या हसल्या आणि निमीची गोष्ट सांगितली.

विदेह देशाचा राजा निमी. शालाक्याची परंपरा आपलं मूळ या विदेहाधिपतीकडे नेते. पुराणातल्या निमीचं यज्ञावरून वसिष्ठांशी बिनसलं, शापाने त्याचा देह पडला. देवांनी पुन्हा देह देऊ केला, तर त्याने नाकारला आणि सर्व प्राण्यांच्या डोळ्यांत राहायला जागा मागितली. तेव्हापासून आपल्या पापण्या लवतात. देवांच्या लवत नाहीत. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नलाचं रूप घेऊन बसले, तेव्हा तिने खरा नल ओळखला तो इतर खुणांबरोबर याही खुणेवरून. देव टक लावून बसलेले, माणसाची तेवढी पापणी लवत होती. आज आमच्या हिशेबखात्यात दमयंती आली तर हार घेऊन गोंधळात उभी राहील. चाळीस जण रांगेने बसलेले, एकाचीही पापणी लवत नाही. आणि आपल्या भाडेकरू राजाला दुसऱ्यांदा बेघर केल्याचं आमच्यापैकी कुणाच्या गावीही नाही.

मी पापण्या लववण्याचा सराव ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये करून पाहिला. पूर्ण मिटायच्या, क्षणभर थांबायचं, उघडायच्या. चौकटीतला साहेब अर्धं वाक्य सोडून म्हणाला, "जागे आहात ना?" टक लावून बसलेल्या एकोणचाळीस जणांना हा प्रश्न त्याने कधी विचारलेला नाही. जे झोपेतही डोळे उघडे ठेवून बसू शकतात त्यांना कार्यक्षम म्हणतात.

आता वाचकांसाठी दोन शब्द, हिशेबनिसाच्या शिस्तीने. स्वयंपाकघरातलं तूप घेऊन घरच्या घरी तर्पण करू नका. ते जाणकार वैद्यांनी, स्वच्छ जागी, डोळा तपासून करायचं काम आहे. डोळा लाल झाला, दुखू लागला, नजर अंधुक झाली, तर आधी नेत्रतज्ज्ञ गाठा. थायरॉइड, संधिवात, मधुमेह, ॲलर्जीच्या गोळ्या, यांमुळेही डोळे कोरडे पडतात, आणि ते काशाच्या वाटीला कळत नाही. थेंबांची बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, वर्षभर तीच वापरू नका. उडदाच्या उरलेल्या पिठाचं काय करायचं, हे ज्याने त्याने सुश्रुताला स्मरून ठरवावं.

एक गोष्ट मात्र माझ्या ताळेबंदात दोन्ही बाजूंना तीच आली. शेक घ्यायचा तर डोळे मिटावे लागतात. तर्पणाच्या पथ्यात डोळे मिटावे लागतात. आईने पाय घासले की डोळे आपोआप मिटतात. शिर्मरची पट्टीसुद्धा डोळे मिटूनच लावून घेतली. खरं औषध सगळ्यांनी एकच दिलं आहे, आणि ते फुकट असल्यामुळे कुणी घेत नाही. म्हणून दोन्ही शास्त्रांच्या डॉक्टरांना माझी नम्र सूचना आहे. 'पापण्या लववा, डोळे मिटा' हे तोंडी सांगू नका. ते छापील कागदावर लिहून द्या, खाली सही-शिक्का मारा, आणि वर ठळक लिहा: 'दिवसातून तीन वेळा, रिकाम्या पोटी, कोमट पाण्याबरोबर.' मराठी माणूस एक वेळ जेवण चुकवेल, रिकाम्या पोटी घ्यायचं औषध चुकवणार नाही.